पेठ पाहू नका, बोळ पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून बदली झाली आहे, शिवाजीनगरच्या बँकेत रुजू व्हायचंय, जूनच्या आधी पुण्यात भाड्याचं घर हवं. माणसं चार: नवरा, बायको, सहावीत जाणारी मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त सत्तरीच्या आई. एक चारचाकी, एक स्कूटर. भाड्याची तयारी पंचवीस ते अठ्ठावीस हजारांची. "मध्यवर्ती भागातच राहायचंय, पण येण्याआधी तो नीट समजून घ्यायचाय. सदाशिव पेठ, नारायण पेठ, डेक्कन, यातलं चांगलं कुठलं?"

मी बावीस वर्षं याच भागात जागा दाखवते. सुरुवात स्कूटीवरून केली आणि अजूनही स्कूटीच आहे, कारण आमच्या धंद्यात गाडी घेऊन जाणारा एजंट निम्म्या जागांपर्यंत पोचतच नाही. तुमचा प्रश्न मला बदलीवर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून येतो. पण नागपूरकरांच्या बाबतीत त्यात एक खास गोची असते, ती आधी सांगते.

तुमच्याकडे 'पेठ' म्हटलं की धरमपेठ डोळ्यांपुढे येते. रुंद रस्ते, झाडं, कंपाउंडच्या आत लावलेल्या गाड्या. त्या चित्राच्या जोरावर माणूस पुण्यात सदाशिव पेठ शोधायला येतो आणि पहिल्याच बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की त्याचा चेहरा उतरतो. पुण्याच्या पेठा म्हणजे तुमचा महाल. पुण्यातली धरमपेठ पाहायची असेल तर ती नदीच्या पलीकडे आहे, डेक्कनला, आणि तिच्या नावात 'पेठ' नाही. वारांची गंमत तर आणखी वेगळी. तुमची इतवारी आणि आमची रविवार पेठ, नाव एकच आणि स्वभावही एकच. दोन्हीकडे ठोक बाजार, हातगाड्या, हमाल, टेम्पो. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सुतळीपासून प्लास्टिकच्या डब्यांपर्यंत सगळं ठोक भावात मिळतं. पण सकाळी दहानंतर तिथे आईंना रिक्षात बसवून बाहेर काढणं ही एक मोहीम असते. इतवारीत राहायला जाल का? नाही ना. मग रविवार पेठेचा विचारही सोडा. भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, बुधवार पेठेतली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली, यांनाही हाच न्याय.

आता मूळ मुद्दा. 'सदाशिव पेठ चांगली का?' या प्रश्नाला उत्तरच नाही. पेठ हे पोस्टाचं आणि महापालिकेच्या दप्तराचं नाव आहे. माणूस राहतो तो आळीत, बोळात. लक्ष्मी रोडपासून टिळक रोडपर्यंत आणि बाजीराव रोडपासून नदीपर्यंत पसरलेल्या सदाशिव पेठेत किमान चार वेगळी गावं आहेत. पेरूगेटच्या आसपास शाळा आणि खाण्याची दुकानं. भिकारदास मारुतीच्या बाजूला जरा निवांत, वाडे पाडून ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या तीन-चार मजली इमारती. कुमठेकर रोडला कपड्यांची आणि साड्यांची गर्दी. आणि टिळक रोड, शास्त्री रोडच्या बाजूला, जिथे सदाशिव पेठ संपून नवी पेठ लागते, तिथे स्पर्धा परीक्षांचं एक अख्खं शहर.

या शेवटच्या गावाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तुमच्या भाड्याचा हिशोब तिथून ठरतो. राज्यसेवेची तयारी करायला महाराष्ट्रभरातून मुलं-मुली इथे येतात. अभ्यासिका, खाणावळी, चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं, सगळं त्यांच्या घड्याळावर चालतं. मालकाच्या बाजूने बघा: दोन बेडरूमचा फ्लॅट कुटुंबाला दिला तर एक भाडं, कॉट बेसिसवर, म्हणजे माणशी एका खाटेच्या भाड्याने, सहा मुलांना दिला तर त्याहून बरंच जास्त. त्यामुळे या पट्ट्यात कुटुंबासाठी जागा कमी निघतात, आणि ज्या निघतात त्यांच्या वरच्या किंवा खालच्या मजल्यावर मुलं असतात. मुलं त्रास देतात असं मी म्हणणार नाही. बहुतेक बिचारी रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत असतात. पण एका मजल्यावर बारा चपलांचे जोड, जिन्यात आठ दुचाकी आणि टाकीतल्या पाण्यावर ताण, हे येतंच. जागा बघताना वर-खाली कोण राहतं हे विचारा. मालक म्हणतील, 'सगळी फॅमिली आहे हो.' तुम्ही जिन्यातल्या चपला मोजा.

नारायण पेठ लक्ष्मी रोड आणि नदीच्या मध्ये. केसरीवाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती, मुंजाबाचा बोळ. आतल्या बोळांत खरोखर शांत जागा आहेत, डेक्कनला चालत दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं, आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर राहायला पेठांमध्ये सगळ्यात आवडती हीच. शनिवार पेठ तिला लागून, ओंकारेश्वराच्या बाजूची. कसबा सगळ्यात जुनी. तांबट आळी, कुंभारवाडा, ग्रामदैवत कसबा गणपती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत आणि भाड्याला बाहेरच्या कुटुंबाला जागा फार निघत नाहीत. सोमवार पेठ आणि रास्ता पेठ पुणे स्टेशन, ससून आणि केईएमच्या जवळ. दवाखान्यात नोकरी असेल तर उत्तम, तुमच्या कामाला उलट्या दिशेला. बुधवार पेठेचा काही भाग देहविक्रयाच्या वस्तीचा आहे, हे बाहेरून आलेल्याला कुणी सांगत नाही आणि मग नकाशावर 'मंडईपासून पाच मिनिटं, भाडं कमी' असं पाहून लोक फोन करतात. तिथल्या बायकांशी माझं काही वैर नाही, पण सहावीतल्या मुलीसह कुठे राहायचं हे तुम्ही सगळं माहीत असताना ठरवा. कॅम्पचा विचार मनात असेल तर तिथला कारभार कँटोन्मेंट बोर्डाकडे आहे, महापालिकेकडे नाही, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या गरजेला तो भाग मी सुचवणार नाही.

पत्त्यांचं एक सांगून पुढे जाते. 'अमुक इतके, सदाशिव पेठ' यातला आकडा घरांच्या ओळीत क्रमाने येत नाही, त्यामुळे नंबर पाहून घर शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल. इथे पत्ता देवावरून सांगतात. भिकारदास मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती, उपाशी विठोबा. नावं ऐकून हसू येईल, पण रिक्षावाल्याला हेच कळतं. नाहीतर हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ टाकून पाणी शहरात आणलं आणि ते जागोजागच्या हौदांत सोडलं. फडके हौद, काळा हौद ही नावं त्यातून उरली. जाहिरातीत मात्र उलटं चालतं. ४११०३० हा पिनकोड सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेसकट बऱ्याच भागाला आहे, त्यामुळे 'सदाशिव पेठ' म्हणून टाकलेली जागा प्रत्यक्षात दत्तवाडीच्या तोंडाशी निघू शकते. जवळचा मारुती कुठला, असं विचारा. खरं उत्तर लगेच मिळतं.

आता माझी एक चूक. सात-आठ वर्षं झाली असतील. कोल्हापूरहून आलेलं कुटुंब, एप्रिल महिना, त्यांना परतीची गाडी पकडायची होती म्हणून जागा दुपारी दोन वाजता दाखवली. लक्ष्मी रोडच्या मागच्या अंगाला पहिला मजला, प्रशस्त, गॅलरी रस्त्यावर. बोळ इतका शांत की गॅलरीत उभं राहून बाई म्हणाल्या, 'पुण्याच्या मध्यात असूनसुद्धा खेड्यातल्यासारखं वाटतंय.' मीही मान डोलावली. जूनमध्ये ते राहायला आले. ऑगस्टमध्ये कोपऱ्यावरच्या मंडळाचा मांडव पडला, तो थेट इमारतीच्या दारात. त्यांची चारचाकी आत होती. ती आतच राहिली, विसर्जन होऊन मांडव उतरेपर्यंत. गॅलरीच्या बरोबर समोर स्पीकरची भिंत. दिवाळीनंतर त्यांनी जागा सोडली, आणि ब्रोकरेज परत मागितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मागितलं असतं तर मी दिलं असतं.

तेव्हापासून मी दुपारी जागा दाखवत नाही. दुपारी एक ते चार पेठ जितकी शांत असते, तितकी चोवीस तासांत परत कधी नसते. पहाटेसुद्धा नाही, कारण पहाटे पाणी येतं, मोटारी सुरू होतात, दूधवाले फिरतात. जी जागा दुपारी पाहिली ती पाहिलीच नाही असं समजा. सकाळी साडेआठ ते दहा या वेळात बोळात उभं राहा: शाळेच्या रिक्षा, कचऱ्याची गाडी, ऑफिसला निघालेल्या दुचाक्या, सगळं एकाच वेळी एकाच तोंडातून बाहेर पडतं. शनिवारी संध्याकाळी सात वाजता लक्ष्मी रोडवरून घरापर्यंत भाजीची पिशवी हातात घेऊन चालत या. रात्री साडेदहाला परत एकदा. खाणावळी बंद झाल्यावर कट्ट्यावर कोण बसतं, दिवे कुठे आहेत, कुत्री किती, हे तेव्हाच दिसतं. मुलगी दोन वर्षांनी क्लासवरून याच वेळेला परत येणार आहे.

मंडळाचं मात्र एप्रिल-मेमध्ये ओळखता येतं. बोळाच्या तोंडाशी मंडळाची खोली किंवा छोटं देऊळ असतं, फलक असतो, रस्त्यात मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवल्याच्या खुणा असतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सरळ विचारा: मांडव कुठून कुठपर्यंत पडतो? उत्तर फुटाच्या हिशोबाने मिळेल. गणेशोत्सवाचे दहा दिवस संध्याकाळी मध्यभागातले मुख्य रस्ते गाड्यांना बंद होतात. विसर्जन मिरवणूक लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर या रस्त्यांनी निघून अलका टॉकीज चौकात येते, आणि ती एक दिवस-रात्र उलटली तरी संपत नाही. या चार रस्त्यांवर गॅलरी असणं हे कुणासाठी भाग्य आणि कुणासाठी शिक्षा. तुमच्या आईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर मुख्य रस्त्यापासून किमान दोन इमारती आतली जागा घ्या. ढोलपथकांचा सराव त्याआधी दीड-दोन महिने नदीकाठी चालू असतो, तो आवाज नारायण आणि शनिवार पेठेच्या नदीकडच्या घरांत संध्याकाळी येतो. एक मात्र आहे. ज्या मंडळाच्या मुलांवर लोक दहा दिवस चिडतात, त्याच मुलांनी रात्री दोन वाजता आजोबांना खुर्चीसकट चौथ्या मजल्यावरून खाली आणलेलं मी पाहिलंय. मांडव पडला की त्यांना नाव विचारा, वर्गणी द्या, ओळख ठेवा.

नदीचं बोलायला हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांत नदीकडच्या बाजूला पाणी शिरून वाडेच्या वाडे गेले. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना असते. आज तसं काही व्हावं अशी भीती घालायची नाही मला. पण पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की डेक्कन आणि नारायण पेठेला जोडणारा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. यात बातमी अशी काही नाही, ते वेळापत्रकच आहे. मुलीची शाळा नदीच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असेल तर त्या दिवसांत सगळी गर्दी लकडी पुलावर आणि बालगंधर्वच्या पुलावर येते, हे धरून चला. नदीला लागून असलेल्या, उतारावरच्या तळमजल्याच्या जागा मी कुणालाही देत नाही. डेक्कनच्या बाजूला पुलाची वाडी हा असाच सखल भाग. आणि नदी सोडून आंबिल ओढाही आहे: सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीच्या पावसात तो फुगला आणि कात्रजच्या बाजूपासून दांडेकर पुलापर्यंत घरात पाणी घेऊन आला. ओढ्याकाठची जागा स्वस्त मिळते ती उगाच नाही.

वाड्यात राहायची हौस असते काहींना. फोटो छान येतात. मी दोनच गोष्टी सांगते. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. वाड्याच्या दारावर अशी नोटीस चिकटवली आहे का ते बघा, फाडल्याच्या खुणा असतील तर त्याही बघा. दुसरी, मालकी. जुन्या वाड्यात मालक एक, त्याचे वारस अकरा, त्यातले चार परदेशात, आणि तुम्हाला खोल्या दाखवणारा माणूस मुळात साठ वर्षांपासूनचा भाडेकरू, असं असू शकतं. पोटभाडेकरू म्हणून राहिलात तर तुमच्या हातात काहीच नसतं. शनिवारवाड्याच्या आसपास वाडे इतके जीर्ण का दिसतात, असं लोक विचारतात. शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणजे वाडा पाडून इमारत बांधणं बंद, दुरुस्तीलाही कागदपत्रं. मालकाचा उत्साह तिथेच संपतो. त्या वर्तुळात इमारत चांगली दिसली तर ती कधीची आहे ते विचारा.

फ्लॅट घ्या किंवा वाड्यातल्या खोल्या, कागद एकच: लीव्ह अँड लायसन्सचा करार, आणि तो नोंदवलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदवायला लागत नाही, असं कुणी म्हणालं तर ते चूक. मुद्रांक शुल्क भरपूर लागतं अशी समजूत असते, तेही खरं नाही. एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी काढलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का. सव्वीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांना साडेसातशेच्या आसपास, शिवाय शहरात नोंदणी फी १,००० रुपये. घरी माणूस येऊन अंगठा आणि फोटो घेऊन जातो. सही करण्याआधी मालकाचं नाव लाइट बिलावर, मिळकतकराच्या बिलावर आणि इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयातला मालकीच्या दस्ताचा उतारा) एकच आहे ना, ते जुळवा. मुलगी शाळेत घालताना पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार कामाला येणार.

पाणी. 'पाणी भरपूर आहे' हे उत्तर नसतं. किती वाजता येतं, किती वेळ येतं, आणि मोटर न लावता कुठल्या मजल्यापर्यंत चढतं, हे तीन प्रश्न मालकाला नाही, वॉचमनला किंवा तळमजल्यावरच्या बाईंना विचारायचे. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीसाठी महापालिका बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येतं. जागा बघायला मुद्दाम गुरुवार-शुक्रवार गाठता आला तर इमारतीच्या टाकीची लायकी कळते.

आता तुमच्या गाडीचं. सांगायला वाईट वाटतं, पण चारचाकी पहिले दोन-तीन महिने नागपूरलाच ठेवा. पेठेत पार्किंगसह जागा म्हणजे भाडं वर, आणि पार्किंग असलं तरी स्टिल्टमधून, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेतून, गाडी काढताना मागच्या दोघांना फोन करावा लागतो. रस्तेही एकेरी. लक्ष्मी रोड फक्त अलका चौकाच्या दिशेने, बाजीराव रोड शनिवारवाड्याकडे, शिवाजी रोड स्वारगेटकडे. समोर दिसणारं दुकान गाठायला गाडीने एक किलोमीटरचा फेरा पडतो, चालत दोन मिनिटं. शिवाय तुम्हाला ऑफिससाठी गाडी लागणारच नाही. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला. मंडई स्टेशनात बसलात की कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि तिसरं शिवाजीनगर. ऊन नाही, पाऊस नाही, विसर्गाची चिंता नाही. माझ्या धंद्यात गेल्या वीस वर्षांत जागांची किंमत बदलणारी एवढी मोठी गोष्ट घडली नव्हती. पूर्वी शुक्रवार पेठेतल्या मंडईमागच्या जागा दाखवल्या की लोक नाक मुरडायचे, आता स्टेशन किती मिनिटांवर ते विचारतात. एक नोंद: बाहेरगावच्या एसटीसाठी जुनं शिवाजीनगर स्टँड डोक्यात ठेवून येऊ नका. ते २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं.

शाळेचं मी जास्त बोलत नाही, ते तुमचं घरचं ठरवणं आहे. मुलींच्या शाळा मात्र या भागात खरोखर चालण्याच्या अंतरावर आहेत: लक्ष्मी रोडवर हुजूरपागा, १८८४ पासूनची. सदाशिव पेठेत रेणुका स्वरूप, शनिवार पेठेत अहिल्यादेवी. एवढंच करा, जागा ठरवण्याआधी प्रवेश पक्का करा. बरीच मुलं पाचवीला शाळा बदलतात, सहावीला जागा असेलच असं नाही, आणि घर आधी घेऊन मग शाळा नदीपलीकडे मिळालेली कुटुंबं मी दरवर्षी बघते.

राहिलं डेक्कन. प्रभात रोडच्या नंबरांच्या गल्ल्या, भांडारकर रोड, आपटे रोड. बंगल्यांच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या इमारती, झाडं, पदपथ, आईंना फिरायला कमला नेहरू पार्क. धरमपेठेतून येणाऱ्याला इथे पहिल्या दिवसापासून घरी आल्यासारखं वाटतं. पण तुमच्या पैशांत इथे नीट दोन बेडरूम मिळणं अवघड, मिळालीच तर पन्नास वर्षांची इमारत, लिफ्ट नाही, आणि 'सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, वर्षभरात सोडायला लागेल' ही अट. ती अट करारात लिहून घ्यायला मालक कांकू करतात, तोंडी सांगतात. या गल्ल्यांत सध्या एका इमारतीत राहायचं म्हणजे शेजारच्या दोन इमारती पाडताना ऐकायच्या. शेजारच्या प्लॉटला पत्रे लागलेत का, बघून घ्या.

तर माझं मत. पहिल्या अकरा महिन्यांसाठी बाजीराव रोड आणि टिळक रोडच्या मधला, भिकारदास मारुतीच्या बाजूचा भाग पाहा. ऐंशी-नव्वदच्या दशकातली इमारत, लिफ्ट हवीच, लिफ्टला बॅकअप नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर नको. मंडई स्टेशन चालत गाठता येतं, भाजी तिथेच, पूना हॉस्पिटल नदीकडच्या टोकाला, आईंना सारसबाग रिक्षाच्या एका फेरीत. तिथे मनासारखं नाही मिळालं तर नारायण पेठेचे आतले बोळ. अकरा महिन्यांत तुम्हालाच कळेल की पुढचं घर नदीच्या कुठल्या बाजूला घ्यायचं.

येताना मात्र एका दिवसासाठी येऊ नका. बुधवारी रात्री निघा, गुरुवार ते रविवार इथे राहा. टिळक रोड, बाजीराव रोडच्या बाजूला साध्या लॉजा आहेत, त्यातच उतरा, नातेवाइकांकडे कोथरूडला किंवा हडपसरला नको. तिथून रोज ये-जा केलीत तर तुम्ही फक्त ट्रॅफिक बघाल. पहिल्या दिवशी एकही जागा बघू नका, नुसते फिरा. इस्त्रीवाल्याशी बोला, त्याच्याइतकी माहिती मलाही नसते: कोण जागा सोडतंय, कुठल्या इमारतीत भांडणं आहेत, कुठला मालक डिपॉझिट द्यायला रडतो. दुसऱ्या दिवशी तीन जागा, तिसऱ्या दिवशी त्यातल्याच दोन वेगळ्या वेळी. आईंना शक्य असेल तर सोबत आणा, जिना त्यांनी स्वतः चढून बघू दे.

आणि हो, कमोडचं विचारायला विसरू नका. फोटोत बाथरूम दाखवतात, संडास दाखवत नाहीत. पेठेतल्या त्या वयाच्या इमारतींत निम्म्या ठिकाणी भारतीय पद्धतीचाच असतो, आणि काही मालक 'बसवून देतो' म्हणतात पण गणपती येतात तरी प्लंबर येत नाही. बसवल्यावरच टोकन द्या.